महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना : 1881, 1920, 1971 की 1972?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. शाळेतल्या मुलींच्या फुटबॉल संघासाठी तुम्ही महिला फुटबॉलच्या इतिहासाचा एक मोठा फलक करताय आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली आहे. महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून तुम्हाला चार वेगवेगळी वर्षं सापडली : 1881, 1920, 1971 आणि 1972. यातलं खरं कोणतं तेवढं सांगा, असं तुम्ही विचारलंय.

फुटबॉलच्या जुन्या नोंदी तपासणं, स्पर्धांच्या पुस्तिकांसाठी निकाल जुळवणं हे काम मी बरीच वर्षं करतेय, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. चारही वर्षं खरी आहेत. चारही वेळा सामने झाले आणि त्यांचे निकालही माहीत आहेत. गुंता वेगळाच आहे : एखादा सामना आंतरराष्ट्रीय होता, हे ठरवायचा अधिकार कोणाला द्यायचा? एकदा हे लक्षात आलं की तुमचा फलक सोपा होईल.

मी प्रत्येक जुन्या सामन्याला तीन प्रश्न विचारते. संघ कोणी निवडला? मान्यता कोणी दिली, आणि कधी? त्या काळातला पुरावा काय? महत्त्वाचं म्हणजे हेच प्रश्न मी पुरुषांच्या सामन्यांनाही विचारते. पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून सगळे निःशंकपणे 30 नोव्हेंबर 1872 ची तारीख सांगतात : ग्लासगो, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, 0-0. त्या दिवशी स्कॉटलंडची राष्ट्रीय संघटना अस्तित्वातच नव्हती, ती स्थापन झाली 1873 मध्ये. मैदानावर उतरलेले स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. तरीही तो सामना अधिकृत मानला जातो आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पण महिलांच्या जुन्या सामन्यांबद्दल कोणी 'तो तर क्लबचा संघ होता, संघटना कुठे होती?' असं म्हणू लागलं, की मी त्यांना आधी 1872 आठवायला सांगते.

आता एकेक वर्ष घेऊ.

मे 1881, एडिंबरा, ईस्टर रोडचं मैदान. 'स्कॉटलंड' आणि 'इंग्लंड' अशा नावांनी स्त्रियांचे दोन संघ खेळले आणि स्कॉटलंडने 3-0 असा विजय मिळवला. पहिला गोल लिली सेंट क्लेअर या नावाने नोंदला गेला आहे. त्या वेळच्या वर्तमानपत्रातला वृत्तांत वाचण्यासारखा आहे. खेळाडूंचं वय अठरा ते चोवीस असावं, असा बातमीदाराचा अंदाज आहे. स्कॉटलंडच्या मुलींच्या निळ्या जर्सी, पांढऱ्या आखूड विजारी, कमरेचे लाल पट्टे, टाचांचे बूट, हे सगळं त्याने बारकाईने टिपलंय. मी असा वृत्तांत वाचते तेव्हा कपड्यांची वाक्यं बाजूला काढते आणि उरलेल्यात खेळ शोधते : गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, मध्यंतराला काय स्थिती होती. उरतं ते थोडंच, पण सामना झाला हे सिद्ध करायला तेवढं पुरतं. काही दिवसांनी हेच संघ ग्लासगोत खेळले, तेव्हा जमाव मैदानात घुसला, सामना अर्धवट सोडावा लागला आणि खेळाडूंना घोड्यांच्या बसमधून कसंबसं बाहेर काढावं लागलं.

1881 चे हे सामने नाट्यव्यवसायातल्या माणसांनी भरवले होते आणि खेळाडूंची बरीचशी नावं टोपणनावं होती. म्हणून संघनिवडीच्या प्रश्नाला इथे भक्कम उत्तर मिळत नाही. मान्यता कोणाचीच नव्हती. पुरावा मात्र आहे, छापील आणि त्याच आठवड्यातला. तुम्ही लिहिताना 'देशांच्या नावाने खेळला गेलेला, नोंद सापडणारा सर्वांत जुना सामना' असं लिहा. तारीख कुठे 7 मे तर कुठे 9 मे दिलेली आढळते, म्हणून फलकावर 'मे 1881' एवढंच पुरे.

1895 मध्ये लंडनला नेटी हनीबॉल यांच्या ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लबने गाजलेला सामना भरवला. तो उत्तर विरुद्ध दक्षिण असा होता, आंतरराष्ट्रीय नव्हता. या फलकापुरता तो सोडून द्या.

1920 वर मात्र थोडं थांबायला हवं. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि इंग्लंडच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन शहरातल्या डिक, कर अँड कंपनीच्या कारखान्यात दारूगोळा तयार होत असे. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मुली चेंडू खेळू लागल्या. 1917 च्या नाताळाला त्यांनी जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी डीपडेल मैदानावर सामना खेळला, तो बघायला 10,000 माणसं आली. पुढे आल्फ्रेड फ्रँकलंड यांच्या व्यवस्थापनाखाली हा संघ इंग्लंडभर फिरला, तिकिटाचा पैसा धर्मादाय कामांना देत राहिला.

तिकडे पॅरिसमध्ये अलिस मिलिया या बाई महिलांच्या खेळासाठी संघटना उभी करत होत्या. एप्रिल 1920 च्या अखेरीस त्या पॅरिसमधल्या निवडक मुलींचा संघ घेऊन इंग्लंडला आल्या. डीपडेलवर 25,000 प्रेक्षकांसमोर डिक, कर संघाने फ्रान्सला 2-0 असं हरवलं. दौऱ्यात चार सामने झाले : दोन इंग्लंडच्या मुलींनी जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवरचा शेवटचा सामना फ्रान्सने 2-1 ने जिंकला. त्याच वर्षी इंग्लंडचा संघ परतीच्या दौऱ्यावर फ्रान्सला गेला.

हा आंतरराष्ट्रीय सामना म्हणायचा का? एका बाजूला पॅरिसचा निवडक संघ होता, दुसऱ्या बाजूला कारखान्याचा संघ. 1872 मधल्या एका क्लबच्या अकरा खेळाडूंपेक्षा ही स्थिती फार वेगळी नाही. शिवाय फ्रान्सच्या बाजूने महिलांच्या खेळाची संघटना उभी होती, दोन देशांत दौरे झाले, सामन्यांचे तपशील आणि छायाचित्रं उपलब्ध आहेत. मला व्यक्तिशः विचाराल तर, महिलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलची खरी सुरुवात मी 1920 पासून धरते. त्याआधीचे सामने तुटक आहेत. इथून पुढे ओळखता येणाऱ्या खेळाडू, सलग दौरे आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक दिसतो.

ही साखळी तुटली का, याचं उत्तर तुमच्या फलकावर यायलाच हवं, नाहीतर 1920 नंतर थेट 1971 बघून मुली विचारतील की मधली पन्नास वर्षं बायका काय करत होत्या. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर विरुद्ध सेंट हेलेन्स हा सामना बघायला 53,000 लोक आले. वर्षभराच्या आत, 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला : फुटबॉल हा खेळ स्त्रियांसाठी अगदी अयोग्य आहे आणि त्याला उत्तेजन देऊ नये. सोबत तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाऐवजी दुसरीकडे खर्च होतात, असाही आक्षेप जोडला.

या ठरावाने बायकांना खेळायला सरसकट मनाई केली नव्हती, ती करण्याचा अधिकारही असोसिएशनला नव्हता. ठरावाने एवढंच केलं की संलग्न क्लबांनी आपली मैदानं महिलांच्या सामन्यांना द्यायची नाहीत. पण चांगली मैदानं सगळी संलग्न क्लबांकडेच होती. मैदान गेलं की प्रेक्षागार गेलं, तिकीट गेलं, प्रवासाचा खर्च गेला, वर्तमानपत्रातली जागा गेली. खेळ उरला, पण बागेतल्या मोकळ्या पटांगणावर, दोरी बांधून उभ्या केलेल्या हद्दीत. दुसऱ्या वर्षी, 1922 मध्ये, डिक, कर संघ कॅनडाच्या दौऱ्यावर निघाला, तर तिथल्या संघटनेनेही परवानगी नाकारली. मग त्या मुली अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळल्या : तीन जिंकल्या, तीन हरल्या, तीन बरोबरीत सोडवले. जर्मनीत 1955 ते 1970 अशी बंदी होती. ब्राझीलमध्ये 1941 च्या सरकारी हुकुमाने आलेली बंदी 1979 पर्यंत टिकली. तरी खेळ पूर्ण थांबला नाही. बंदी असतानाच 1956 मध्ये एसेन शहरात जर्मन मुलींनी नेदरलँड्सला 2-1 ने हरवलं, आणि 18,000 लोक ते बघायला गेले.

या मधल्या काळातले सामने 'अनधिकृत' ठरतात ते का, हे आता दिसेल. मान्यता देणाऱ्या संस्थाच बंदी घालून बसल्या होत्या. सातबाऱ्यावर नाव उशिरा चढलं म्हणून जमीन त्याच दिवसापासून कसली जात होती असं कोणी म्हणत नाही. इथेही तोच न्याय लावा.

1971 कडे येऊ. फ्रान्सच्या उत्तरेला आझब्रुक नावाचं लहान गाव आहे. तिथे 17 एप्रिल 1971 ला फ्रान्सने नेदरलँड्सला 4-0 असं हरवलं. जोसलीन रातिन्ये हिने हॅटट्रिक केली. फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेने आदल्याच वर्षी महिला फुटबॉलला मान्यता दिली होती, त्यामुळे राष्ट्रीय संघटनांचा पाठिंबा असलेला पहिला सामना म्हणून पुढे फिफाने हाच सामना धरला. प्रश्नमंजूषेत किंवा स्पर्धा परीक्षेत विचारलं तर उत्तर हेच : 1971, फ्रान्स–नेदरलँड्स.

पण हा सामना कशासाठी होता ते बघा. त्याच वर्षी मेक्सिकोत होणाऱ्या महिलांच्या विश्वचषकाची ती पात्रता फेरी होती. तो विश्वचषक फिफाने भरवला नव्हता, त्याला मान्यताही दिली नव्हती. युरोपातल्या एका स्वतंत्र महिला फुटबॉल संघटनेने, इटलीतल्या मद्याच्या कंपनीच्या पैशावर तो भरवला होता. म्हणजे पात्रतेचा सामना अधिकृत आणि ज्या स्पर्धेसाठी पात्र व्हायचं ती स्पर्धा अनधिकृत. तुमच्या मुलींना हे एवढं एक जरी समजलं, तरी नोंदी कशा ठरतात हे त्यांना कायमचं कळेल.

त्या स्पर्धेला फलकावर मोठी जागा द्या अशी माझी मनापासून शिफारस आहे. आदल्या वर्षी, 1970 मध्ये, इटलीत पहिला असा विश्वचषक झाला होता आणि तो डेन्मार्कने इटलीला 2-0 असं हरवून जिंकला होता. मेक्सिकोत ऑगस्ट–सप्टेंबर 1971 मध्ये सहा संघ आले : मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्स आणि इटली. मेक्सिकोच्या फुटबॉल संघटनेने क्लबांना मैदानं देऊ नका असा दम भरला होता, म्हणून सगळे सामने तिच्या ताब्यात नसलेल्या दोन मोठ्या मैदानांवर झाले : मेक्सिको सिटीचं अझ्टेका आणि ग्वादालाहाराचं हालिस्को. गोलचे खांब गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवले होते. अर्जेंटिनाच्या मुली प्रशिक्षकाशिवाय आल्या होत्या. 21 ऑगस्टला त्यांनी इंग्लंडला 4-1 असं हरवलं आणि चारही गोल एल्बा सेल्वाने केले. अर्जेंटिनात आज तो दिवस महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात.

अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला 3-0 असं हरवलं. तिन्ही गोल सुझान ऑगुस्टेसनचे. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. इंग्लंडच्या संघातली लिया केलेब तेरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या संघातल्या मुलींच्याच वयाची. ही दोन वयं ठळक अक्षरात लिहा. प्रेक्षकसंख्या सगळीकडे 1,10,000 अशी दिलेली असते, ती 'सुमारे' म्हणूनच लिहा. त्या काळातले असे आकडे आयोजकांचे आणि वर्तमानपत्रांचे अंदाज असतात, तिकिटांची मोजदाद नव्हे. अझ्टेका गच्च भरलं होतं हे मात्र छायाचित्रांत आणि चित्रफितीत स्वच्छ दिसतं.

इंग्लंडचा तो संघ हॅरी बॅट या गृहस्थांनी स्वतःच्या हिमतीवर नेला होता. परतल्यावर देशातल्या महिला फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली, खेळाडूंनाही निलंबन सोसावं लागलं. लाखभर लोकांच्या स्वागतातून आलेल्या मुली घरी येऊन पुढची कित्येक वर्षं गप्प राहिल्या. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

राहिलं 1972. 18 नोव्हेंबर 1972 ला स्कॉटलंडमधल्या ग्रीनक इथे इंग्लंडने स्कॉटलंडला 3-2 असं हरवलं. स्कॉटलंड आधी 2-0 ने पुढे होतं. इंग्लंडचा पहिला गोल सिल्व्हिया गोरचा, कर्णधार शीला पार्कर. पुरुषांच्या त्या 0-0 सामन्याला शंभर वर्षं होत होती, आणि म्हणून इंग्रजी पुस्तकांत हा सामना 'पहिला' म्हणून येतो. तो ब्रिटनपुरता पहिला अधिकृत सामना आहे, जगातला नाही. ब्रिटनपुरतं म्हणतानाही एक अडचण आहे. 1971 मध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेत महिला फुटबॉल आपल्या छत्राखाली घेण्यावर मतदान झालं, तेव्हा विरोधात एकच मत पडलं होतं, ते स्कॉटलंडचं. ग्रीनकला खेळलेल्या स्कॉटिश मुलींच्या पाठीशी त्यांच्या देशाची संघटना नव्हती. त्यांना राष्ट्रीय संघाची मानाची टोपी मिळाली 2019 मध्ये. इंग्लंडने मात्र देशाकडून खेळलेल्या महिलांना क्रमाने दिलेले अनुक्रमांक याच सामन्यापासून मोजले. एकाच सामन्यातल्या दोन संघांना मान्यता मिळण्यात इतकं अंतर पडू शकतं.

तेव्हा फलकावर मी असं लिहीन. 1881 : देशांच्या नावाने खेळलेला, नोंद असलेला सर्वांत जुना सामना. 1920 : दोन देशांतल्या संघांचे पहिले मोठे दौरे. 1921 : इंग्लंडमधली मैदानबंदी, सुमारे पन्नास वर्षांची. 1971 : फिफाच्या नोंदीतला पहिला सामना, आणि त्याच वर्षी मेक्सिकोचा विश्वचषक. 1972 : ब्रिटनमधला पहिला अधिकृत सामना. 1991 : चीनमध्ये फिफाचा पहिला महिला विश्वचषक, प्रत्येक सामना 80 मिनिटांचा, विजेता अमेरिका. नुसतं 'पहिला' असं कुठेही लिहू नका, कशातला पहिला ते त्याच ओळीत यायला हवं. जागा कमी पडली तर 1972 काढा, 1921 काढू नका.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण भारतातल्या शाळेच्या फलकावर ती हवीच. आशियातही महिला फुटबॉलची संघटना बांधायचं काम लवकर सुरू झालं. आशियाई महिला फुटबॉलची वेगळी संघटना 1968 मध्ये हाँगकाँगला स्थापन झाली. तिची पहिली स्पर्धा 1975 मध्ये तिथेच झाली आणि न्यूझीलंडने थायलंडला अंतिम सामन्यात 3-1 असं हरवलं. ही संघटना आशियाच्या मुख्य फुटबॉल महासंघात विलीन झाली 1986 मध्ये. आणि महासंघाने काय केलं? आपल्या महिला आशिया चषकाचा इतिहास 1975 पासूनच धरला. आधीच्या, दुसऱ्या संघटनेने भरवलेल्या स्पर्धा स्वतःच्या यादीत सन्मानाने घेतल्या. मागे जाऊन मान्यता देता येते, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. मेक्सिकोच्या 1971 बद्दलही हे करता आलं असतं, आजही येईल.

भारतात महिलांच्या फुटबॉलची संघटना 1975 मध्ये लखनौला उभी राहिली, आणि ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघापासून स्वतंत्र होती. 1980 च्या सुरुवातीला हीच आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा केरळात कोझिकोडला झाली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले. त्यातला एक अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तैवानकडून 2-0 असा हरला. गोव्याची योलांडा डिसूझा त्या काळात भारताकडून खेळली. 1983 मध्ये बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता ठरला, आणि त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

त्या पिढीतल्या खेळाडू आज साठी-सत्तरीत आहेत. तुमच्या जिल्ह्यातून सत्तरच्या दशकात कोणी राज्याकडून खेळलं होतं का, हे जुन्या क्रीडाशिक्षकांकडे आणि स्थानिक वर्तमानपत्रांच्या फायलींमध्ये शोधा. कोणी भेटलं तर मुलींनाच घेऊन जा आणि प्रश्न असे विचारा : संघनिवड कुठे झाली, निवडीचं पत्र कोणाच्या सहीचं होतं, बूट कोणाचे होते, रेल्वेचं भाडं कोणी भरलं, सामना किती मिनिटांचा होता. 'कसं वाटलं?' हा प्रश्न शेवटी ठेवा, नाहीतर तपशील राहून जातात. छायाचित्र मिळालं तर पुढची आणि मागची दोन्ही बाजू स्कॅन करा, तारीख आणि नावं बहुतेक वेळा मागेच लिहिलेली असतात. मूळ फोटो मात्र त्याच दिवशी त्यांना परत द्या.